धुण्याचा दगड उलटला तेव्हा

वाई तालुक्यात वीरगळांच्या, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीत उभारलेल्या कोरीव दगडांच्या, नोंदी करत फिरत होतो. किकलीला भैरवनाथाच्या आवारात वीरगळांची रांगच आहे; तेव्हा आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरही काहीतरी सापडणार, असं धरूनच निघालो होतो. एका विहिरीपाशी आजी धुणं आपटत होत्या. दगड वरून गुळगुळीत, पण मातीत रुतलेल्या कडेला कोरीव चौकट डोकावत होती.

"आजी, उलटून बघू का?"

"बघ की. माझ्या सासूच्या आधीपासनं हितंच पडलाय त्यो."

पोरांनी पहार लावली. पाणी आणि मऊ ब्रशनं चिखल काढला (तारेचा ब्रश दिसला की मला कापरं भरतं) आणि बॅटरी तिरपी धरली. तिरप्या उजेडात झिजलेली नक्षीसुद्धा सावलीनं उठून येते.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला पडलेला वीर, शेजारी गुरं. त्यावर लढाई, ढाल-तलवार घेतलेला तोच. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती. एवढं पुष्कळ वीरगळांवर असतं. इथं मात्र एका गाईला शेपटी वर करून लुचणारं वासरू होतं. पाथरवटाचं अर्धं आयुष्य गोठ्यात गेलं असणार!

ताम्रपटांत राजा भेटतो, दान घेणारा भेटतो, जमिनीच्या चतुःसीमा भेटतात. गुरं सोडवताना मेलेला माणूस भेटतो तो बहुतेक अशा दगडावरच. गुरं पळवली की नांगरट, दूध, खत सगळंच एका रात्रीत जायचं. गाव त्यासाठी जिवावर उदार व्हायचं आणि मेलेल्याचा दगड उभा करायचं. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. मग पेहराव, शस्त्रं, केसांची ठेवण यांवरून काळ ताडायचा.

बातमी पसरली तशी वस्ती जमली. कुणी म्हणालं शेंदूर लावू, कुणी म्हणालं सिमेंटात बसवू. दोन्हींना मी हात जोडले. साताऱ्याच्या संग्रहालयात द्यावा, असंही एकानं सुचवलं. मला विचाराल तर वीरगळ गावातच बरा. शेवटी देवळाच्या ओवरीत, छपराखाली ठेवायचं ठरलं.

आजी मात्र पिळे घेऊन उभ्याच. "न्या की देवळात. पर आधी धुण्याला दुसरा दगूड आणा."

सरपंचांनी कुणाच्या तरी घरची उरलेली शहाबादी फरशी मागवली.