चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघितलं का?

सोलापुरात राहणाऱ्या माणसाचं अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा नाहीतर दक्षिण सोलापुरात कुठंतरी एक गाव असतंच, आणि त्या गावातला प्रत्येक आजारी माणूस शेवटी त्याच्याच खात्यावर जमा होतो. फोन ठरलेला, "दादा, डॉक्टरनं सोलापूरला न्या म्हणून सांगितलंय, आम्ही निघालोय, तू सिव्हिलला येऊन थांब." कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, कशासाठी पाठवलं, आतापर्यंत काय दिलंय, हे विचारलं की पलीकडं जरा वेळ कुणीच बोलत नाही आणि मग एवढंच, "चिठ्ठी दिलीय की." चिठ्ठी कुणीच वाचलेली नसते. ती दुमडून खिशात, खिशातनं पिशवीत, आणि पिशवी कुठंय तर मागनं मोटरसायकलवर येणाऱ्या मेव्हण्याकडं.

हे इतक्यांदा बघितलंय की शेवटी म्हटलं लिहूनच टाकू, कारण मोठ्या दवाखान्यात आपल्या माणसाला कुणी कसं बघतं, कुठं पाठवतं, हे बऱ्याच वेळा त्या दुमडलेल्या कागदावर ठरतं आणि आपण त्याला पावतीसारखं वागवतो.

रचना कागदावर सोपी आहे. सपाट भागात साधारण ५ हजार लोकांमागं एक उपकेंद्र, ३० हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, आणि वर आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, १९६३ साली सुरू झालेल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं. त्यामुळं इथं आपल्या अकरा तालुक्यांचेच नाहीत तर धाराशिवकडचे आणि पलीकडं कर्नाटकातनं विजयपूर, कलबुर्गीकडचे पण पेशंट येतात. पायरीपायरीनं मात्र कोण येत नाही. खोकला झाला तरी थेट सिव्हिल, आणि छातीत दुखतंय तर आधी गावातल्या डॉक्टरकडं एक इंजेक्शन, मग तालुक्याला एक सलाईन, आणि मग रात्री अकराला सोलापूर.

आता चिठ्ठीचं सांगतो. आमच्या नात्यातल्या एकाला उसात पाणी धरताना साप चावला, बहुतेक घोणस होती. जवळच्या एका सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं सुरुवात बरोबर झाली, सापाच्या विषावरचं इंजेक्शन पण दिलं आणि सोलापूरला पाठवलं. चिठ्ठीवर काय होतं? नाव, वय, "साप चावला, पुढील उपचारासाठी रवाना", सही आणि शिक्का. बास. इथं आल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरनं पहिलं विचारलं की किती वाजता चावला, दुसरं की औषधाच्या कुप्या किती दिल्या आणि कधी सुरू केल्या. बरोबरचे तिघं तीन आकडे सांगायला लागले. एक म्हणाला चार, एक म्हणाला दहा, आणि तिसरा म्हणाला एक मोठी बाटली लावली होती.

हे का विचारतात ते त्या रात्री डोळ्यांनी बघितलं. दोन मिली रक्त काढून कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि ती नळी २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवून देतात. मग हळूच तिरकी करतात. रक्त गोठलेलं असलं तर ठीक, आणि पाण्यासारखं वाहत आलं तर विषानं रक्त गोठायचं थांबवलंय. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेली पण नाही, नाहीतर रिझल्ट फसवा येतो. सुरुवातीला ८ ते १० कुप्या देतात आणि साधारण सहा तासांनी परत तीच नळीची तपासणी करून अजून द्यायच्या का ते ठरवतात. म्हणजे आधीच्या ठिकाणी किती वाजता किती दिल्या आणि तेव्हा नळीत काय दिसलं, हे कळलं तर पुढचा डॉक्टर तिथनं पुढं चालू करणार, नाहीतर पहिल्यापासून. आमच्या माणसाच्या वेळी एकानं त्या दवाखान्यातल्या सिस्टरचा नंबर शोधून काढला, फोन लावला, आणि तिनं बिचारीनं झोपेतनं उठून रजिस्टर बघून सांगितलं. नशीब तिनं उचलला. अशी माहिती नशिबावर का म्हणून सोडायची, ते मला अजून पटलेलं नाही. चार ओळी लिहायला असा किती वेळ लागतो?

उलट एक चांगली चिठ्ठी पण बघितलीय. पुणे हायवेवर मोटरसायकलवरनं पडलेला पोरगा, तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरनं पाठवलेला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण त्यात वेळेसकट सगळं होतं, बीपी, नाडी, उलटी किती वेळा झाली, आणि जीसीएस १३. हा जीसीएस म्हणजे शुद्धीचा आकडा, डोळे उघडतो का, बोलतो कसा, सांगितलं तर हात हलवतो का, यावरनं ३ ते १५ मध्ये काढतात, १५ म्हणजे पूर्ण शुद्धीत. इथं आल्यावर बघितला तर बराच खाली आलेला. नुसतं इथं बघितलं असतं तर दारू प्यायलाय का, म्हणून पण सुरुवात झाली असती, पण तासाभरात आकडा घसरलाय म्हटल्यावर थेट सीटी स्कॅनला. डॉक्टर आताच्या माणसाची मघाच्या माणसाशी तुलना करत असतो, आणि मघाचा माणूस फक्त चिठ्ठीत असतो.

पोलीस केस आहे म्हणून आधी पोलीस येऊ देत, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. १९८९ साली परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, सरकारी असो की खाजगी, कागद मागनं. आणि १९९६ चा अजून एक निकाल आहे, पश्चिम बंगालमधल्या शेतमजुरांच्या समितीचा. रेल्वेतनं पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागनं एक सरकारी दवाखान्यांनी बेड नाही, सोय नाही म्हणून पुढं ढकललं होतं, कोर्टानं राज्य सरकारला २५ हजार भरपाई द्यायला लावली. म्हणजे नुसतं "रेफर" लिहून माणूस दारातनं बाहेर काढला की जबाबदारी संपली असं होत नाही.

कॅज्युअल्टीत गेल्यावर आपल्या लोकांची पहिली तक्रार, "आम्ही आधी आलो, मागनं आलेल्याला घेतलं." हे रेशनचं दुकान नाही ओ. तिथं लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे जरा थांबला तरी चालेल, हिरवा म्हणजे किरकोळ, असं चालतं, बोर्ड लावलेला असो नसो, बघणाऱ्याच्या डोक्यात तेच असतं. श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध. हाताचं हाड मोडलेला माणूस ओरडून दवाखाना डोक्यावर घेतो आणि तो हिरव्या-पिवळ्यात असतो, आणि कोपऱ्यात गप पडलेला, घामानं भिजलेला म्हातारा लाल असतो. छातीत दुखतंय म्हटलं की दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळं तुमच्या पुढनं कुणाला तरी मशीनकडं पळवत नेलं तर भांडायला उठू नका. आणि हो, "गॅस झालाय" असं आपणच ठरवून सांगू नका. काय होतंय ते सांगा, कशामुळं ते त्यांना बघू द्या.

यावरनं आठवलं. अक्कलकोटकडची एक आजी, कानडी बोलणारी, नातवाबरोबर आलेली. डॉक्टरनं विचारलं काय होतंय, आजी दोन मिनिटं हातवारे करून सांगत होती, कधी छातीवर हात, कधी जबड्यावर, कधी पाठीवर, आणि नातवानं सगळ्याचं मिळून एक वाक्य केलं, "पोट दुखतंय सर, बाकी काय नाय." डॉक्टर पोरगी विदर्भाकडची असावी बोलण्यावरनं, पण तिनं नातवाला बाजूला केलं, मोडक्यातोडक्या कानडीत आजीलाच परत विचारलं, आणि हात कुठं कुठं जातोय ते बघत बसली. मग ईसीजी. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी असं सगळं एकाच बाकावर बसलेलं असतं, त्यामुळं बरोबर जाणाऱ्यानं पेशंटचं आहे तसं सांगायचं, आपल्या सोयीनं छाटायचं नाही.

लकव्याच्या पेशंटला एक प्रश्न हमखास विचारतात, शेवटचं नीट कधी बघितलं होतं? कधी लक्षात आलं, हा नाही. मेंदूतल्या रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथनं मोजतात. सकाळी उठला आणि तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपताना किती वाजता बोलला होता ते सांगायचं. करमाळ्यासारख्या ठिकाणाहून निघालात तर रस्त्यातच किती वेळ जातो, हिशोब करा. आणि आधी सीटी झाल्याशिवाय ते इंजेक्शन देत नाहीत, कारण डोक्यात रक्तस्राव असला तर उलटं होईल. म्हणून जिथं सीटी मशीन नाही तिथं दोन तास सलाईन लावून बसण्यात अर्थ नाही.

१०८ बद्दल थोडं. ही ॲम्ब्युलन्स सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या. गाडीत डॉक्टर असतो, त्यालाच सांगा की पुढच्या दवाखान्यात फोन करून बेड आणि स्पेशालिस्ट आहे का विचारा. शेजाऱ्याच्या बोलेरोत घालून आणलं तर हा फोन कुणीच करत नाही.

ओपीडीचं वेगळंच. तिथं घाई नसते पण कंटाळा असतो. प्रत्येक विभागाची युनिटं म्हणजे डॉक्टरांचे गट असतात, त्यांचे वार ठरलेले असतात, त्यामुळं पहिल्यांदा ज्या युनिटला दाखवलं त्याच वारी परत जायचं, नाहीतर नवा डॉक्टर, परत पहिल्यापासून कहाणी. ऑपरेशन ठरलं तर आधी भूल देणारे डॉक्टर तपासतात, त्यांना शुगर-बीपी जास्त दिसली की ते मेडिसिनकडं पाठवतात, मेडिसिनवाले इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी सांगतात, आणि आपल्याला वाटतं हे नुसते फिरवायलेत. काही वेळा फिरवतात पण, मी नाही म्हणत नाही. पण चिठ्ठी घेऊन निघायच्या आधी तिथंच विचारायचं, "सर, यांना नेमकं काय विचारलंय?" उत्तर मिळतं, खरंच मिळतं.

खाजगीकडं पाठवलं तर अजून एक शंका सगळ्यांच्या मनात असते, कट. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत सरळ मना आहे, तरी "अमुक लॅबमध्येच करा" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मी इतकंच विचारतो की तिथंच का, आणि दुसरीकडं केलेला रिपोर्ट चालेल का. समोरचा काय बोलतो त्यापेक्षा कसा बोलतो त्यावरनं कळतं.

फुकट उपचाराच्या सरकारी योजनेचं पण निघण्याआधी विचारा. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात सोलापूर होतं, त्यामुळं आपल्याकडं आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात योजनेचे कागद बघणारा मदतनीस, हा प्रकार लोकांना जुना माहितीये. आता ती महात्मा फुले योजना, दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर गेलीय. रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या. पण इमर्जन्सीत कार्ड गावाकडं राहिलं म्हणून ॲडमिशन थांबवून ठेवू नका, तातडीच्या पेशंटसाठी फोनवर कळवून मंजुरी घ्यायची सोय योजनेत आहे.

आणि कागद परत न्यायचे. २००२ च्या त्याच नियमात आहे की पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, म्हणून डिस्चार्ज कार्डाबरोबर रिपोर्टच्या कॉपी मागायच्या आणि गावाकडं गेल्यावर आधी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला दाखवायच्या, कारण पुढच्या गोळ्या तोच देणार असतो आणि त्याला सोलापुरात काय झालं हे कुणी कळवत नाही. फक्त ते डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून आणू नका राव! आमच्या गावात चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं निम्म्या गावाची कार्डं प्लास्टिकमध्ये घालून दिलीत, आणि फॉलोअपला आलं की डॉक्टर पेन हातात घेऊन विचारतो, आता मी लिहू कुठं?