चार फुटी टाकीची मागची काच: रंगकामाची नोंद

माझ्या माशांच्या चार फुटी टाकीच्या (४८ × १८ × १८ इंच, काठोकाठ भरल्यास सुमारे २५५ लिटर) मागच्या काचेला तीन वर्षे छापील निळा कागद चिकटवलेला होता. काच पुसताना ओघळलेले पाणी त्यामागे शिरे, आणि तेवढाच भाग गडद होऊन समोरून ओल आलेल्या भिंतीसारखा दिसे. शिवाय टाकीत डेनिसन बार्ब आहेत. पश्चिम घाटातल्या, मुख्यतः केरळच्या, वाहत्या आणि खडकाळ नद्यांतला हा मासा. २०१३ साली त्याची प्रजाती ‘सह्याद्रिया’ या नावाने वेगळी करण्यात आली. त्याच्यामागे समुद्राचा निळा रंग मला पहिल्यापासूनच खटकत होता.

पावसाळा सरेपर्यंत काम मुद्दाम लांबवले, कारण दमट हवेत अ‍ॅक्रिलिक रंग वरून सुकल्यासारखा भासतो आणि आतून मऊच राहतो. मासे झाकण असलेल्या दोन ड्रममध्ये हलवले. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा टाकीच्याच पाण्यात बुडवून त्यात एअर पंप चालू ठेवला. त्या कोरड्या पडल्या असत्या, तर अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू मेले असते आणि टाकी पुन्हा पहिल्यापासून तयार करावी लागली असती.

रंग अर्थातच काचेच्या बाहेरच्या बाजूला द्यायचा. जुन्या कागदाचा गोंद ब्लेडने खरवडून काढला, काच आधी व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आणि कडांना मास्किंग टेप लावला. या तयारीतच सबंध शनिवार गेला.

भिंत रंगवताना शेवटचा हात दिसतो. काचेच्या मागून रंगवताना मात्र दिसतो तो पहिला. हे मला तत्त्वतः ठाऊक होते, तरीही जुन्या काचेच्या तुकड्यावर प्रयोग करताना सवयीने आधी काळा रंग दिला, त्यावर मोठ्या हौसेने खडकासारखे तपकिरी ठिपके काढले, आणि तुकडा उलटा करून पाहतो तर नुसता काळाकुट्ट चौकोन! टाकीवर मग उलट क्रम ठेवला. तपकिरी आणि शेवाळी रंग ओबडधोबड फाडलेल्या स्पंजने विरळ टिपले, तळाकडे दाट आणि वर जवळजवळ नाहीसे होतील असे. ते सुकल्यावर फोमच्या रोलरने काळ्या रंगाचे चार पातळ हात दिले. पहिल्या काळ्या हाताने फार निराशा होते, कारण रोलरचे पट्टे आणि बुडबुडे स्पष्ट दिसतात. पण तिथे घाईने जाड रंग चढवण्याचा मोह आवरावा. दोन हातांमध्ये मी दोन-दोन तास थांबलो. शेवटी खोलीत अंधार करून रंगाच्या बाजूने बॅटरी फिरवली, तेव्हा समोरून टाचणीच्या टोकाएवढी सात-आठ भोके चमकली, ती बारीक ब्रशने बुजवली. रंग चकचकीत घ्यावा की मॅट, यावर पुष्कळ वाद घातला जातो. पाहायचे काचेतूनच असल्यामुळे मला तो व्यर्थ वाटतो.

चूक झाली ती टेप काढताना. शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप काढायला हवा होता. मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओढला आणि डावीकडे वरच्या बाजूला दोन इंचांची रंगाची साल त्याच्याबरोबर निघून आली. उरलेल्या कडांवर ब्लेडने रेघ मारून मगच टेप सोडवला.

टाकी भरून आता बारा दिवस झाले आहेत. हीटर आणि फिल्टरचा काळा पाइप जवळजवळ दिसेनासा झाला आहे. फिकट परिसरात माशांच्या कातडीतले रंगकण आक्रसतात आणि गडद परिसरात पसरतात. बार्बच्या अंगावरचा काळा पट्टा चौथ्या-पाचव्या दिवसापासून ठसठशीत दिसू लागला, आणि त्यावरची लाल रेघही अधिक उठून दिसते. पहिल्या दोन संध्याकाळी दिवा लागला की त्यांतला एक मासा मागच्या काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला समांतर पोहत राहायचा. आता त्याने तो नाद सोडला आहे.

साल निघालेली जागा मी काळ्यानेच भरल्यामुळे तिथे शेवाळी टिपके नाहीत, आणि एक काळी जीभ लोंबल्यासारखी दिसते. तिच्यासमोर उंच ओंडक्याला बांधलेले जावा फर्न ठेवले आहे; त्याची पाने अजून चार बोटे वाढायला हवीत.