तुम्ही विचारलंत म्हणून: पळून जाणाऱ्या गुलामांत बायका इतक्या कमी का?

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. फरारी गुलामांसाठी मालकांनी छापलेल्या जाहिराती चाळल्या तर पाचांतले साधारण चार पुरुष, बहुतेक तरुण. मग बायकांना सुटावंसं वाटत नव्हतं का? विचारणाऱ्याकडे उत्तर बहुधा तयारच असतं: बायका मायेत अडकल्या. माया होतीच, पण तिची बेडी कायद्याने घडवली होती.

1656 साली व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत एलिझाबेथ की या स्त्रीने दावा लावून स्वातंत्र्य मिळवलं. तिचा बाप इंग्रज होता आणि इंग्रजी रिवाजाने मूल बापाच्या दर्जाचं, हा तिच्या बाजूचा एक मुद्दा. सहा वर्षांनी, 1662 मध्ये, वसाहतीने कायदाच उलटा केला: मूल आईच्या दर्जाचं. बाप खुद्द मालक असला तरी गुलाम बाईच्या पोटचं लेकरू जन्मतःच मालकाच्या मालमत्तेत जमा. पुढे 1808 पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तशी मूल होणाऱ्या बाईची किंमत आणखी चढली. म्हणजे ज्या वयात पुरुष पळत, त्या वयात बाई बहुधा पोटुशी नाही तर लेकुरवाळी.

वाटेची माहितीही सारखी नव्हती. नवरा-बायको वेगळ्या मळ्यांवर असले, तर परवाना घेऊन शनिवारी रात्री जायचा तो नवरा. गाडी हाकणं, नाव वल्हवणं, निरोप पोचवणं ही कामं पुरुषांची. वाटा, नदीचे उतार, गस्त कुठे असते हे त्यांना ठाऊक. रस्त्यावर एकटी बाई दिसली की गस्तवाला हटकणारच. शिधा म्हणाल तर मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण पेकभर, म्हणजे पाच-सहा किलो, मक्याचं पीठ आणि तीनेक पौंड खारवलेलं डुकराचं मांस. मुलांना त्याहून कमी. यातून प्रवासासाठी काय आणि किती मागे टाकणार?

तान्हं मूल घेऊन निघालं तर ते रडण्याची धास्ती. स्वतः गुलामगिरीतून पळालेली आणि पुन्हा जाऊन इतरांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन बाळांना पॅरेगोरिक हे अफूचं औषध पाजून झोपवत असे. मात्रा कमी पडली तर मूल भलत्या वेळी जागं होणार, जास्त झाली तर त्याचा श्वास मंदावणार. चार-पाच वर्षांच्या पोराचं तर त्याहून अवघड: रात्रभर कडेवर झेपत नाही आणि पायी चालवत नाही. टबमन शक्यतो शनिवारी रात्री निघे, कारण सोमवारपर्यंत जाहिरात छापून येत नसे. हिवाळा निवडे, रात्री मोठ्या म्हणून. इतक्या वाकबगार बाईलाही सख्खी बहीण रेचल सोडवता आली नाही. रेचल मुलांना टाकून निघायला तयार नव्हती. 1860 मध्ये टबमन पुन्हा गेली, तेव्हा रेचल वारली होती, आणि तिच्या दोन मुलांना बाहेर काढायला लागणारे 30 डॉलर टबमनजवळ नव्हते. मुलं तिथेच राहिली.

पण बायका पळालेल्या आहेत. फक्त लांब नाही. जवळच्या रानात, दलदलीत काही दिवस, कधी काही आठवडे दडायचं, रात्री वस्तीवर येऊन मुलांना बघायचं, भाकरतुकडा न्यायचा. मालक यावर सहसा जाहिरातीचा खर्च करत नसे, त्यामुळे या बायका वरच्या हिशोबात धरल्याच जात नाहीत.

याचं टोक म्हणजे हॅरिएट जेकब्ज. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावी 1835 पासून जवळजवळ सात वर्षं ती आजीच्या घराच्या माळ्यावर लपली होती. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंची जास्तीत जास्त तीन फूट. म्हणजे उभं राहणं नाहीच. हाती एक गिरमिट लागलं, त्याने तिने भिंतीत भोकांच्या तीन ओळी पाडल्या आणि मधलं लाकूड कोरून इंचभर झरोका केला. त्यातून खाली खेळणारी आपली मुलं ती बघे. मालकाला चकवायला तिने पत्रं लिहून ती न्यूयॉर्कहून टपालात टाकायची व्यवस्था केली. ती उत्तरेत, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यांत, आहे असं त्याला वाटत राहिलं. 1842 मध्ये ती जहाजाने निसटली.

1850 च्या फरारी गुलामांना परत करण्याच्या कायद्याने उत्तरेतही थारा उरला नाही. माणूस मालकाच्या हवाली केला तर निकाल देणाऱ्या आयुक्ताला 10 डॉलर, सोडला तर 5. जानेवारी 1856 मध्ये मार्गारेट गार्नर गोठलेली ओहायो नदी ओलांडून मुलांसह सिनसिनाटीत पोचली, आणि पकडायला आलेल्यांनी घर वेढल्यावर तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. याला वेड म्हणणाऱ्यांनी 1662 चा कायदा पुन्हा वाचावा. खटल्यात वादही रंगला तो खुनाच्या आरोपासाठी तिला ओहायोत ठेवायचं की मालमत्ता म्हणून परत करायचं, यावर. परत केलं.

उरला पैसे भरून सुटण्याचा मार्ग. त्यातलं गणित रोकडं होतं: आधी बाईला सोडवा, कारण सुटकेनंतर होणारी मुलं जन्मतःच स्वतंत्र. आधी झालेल्या मुलांची किंमत वेगळी मोजायची. सेंट लुईसमध्ये शिवणकाम करणाऱ्या एलिझाबेथ केकलीने 1855 मध्ये स्वतःसाठी आणि मुलासाठी 1,200 डॉलर भरले. पैसे गिऱ्हाईक बायकांनी उसने दिले होते आणि तिने ते पुढे शिवून फेडले.