वेस्टब्रुकच्या हातात चेंडू नसतो तेव्हा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, रसेल वेस्टब्रुक याच्यावरून आमच्या घरात चाललेला वाद आता आठ-नऊ वर्षांचा झाला आहे आणि तो मिटावा अशी दोघांपैकी एकाचीही इच्छा दिसत नाही. माझा मामेभाऊ त्याचा निस्सीम चाहता आहे. मी चाहता नाही असे म्हणवत नाही, परंतु शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घेण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळात, अजून पंधरा सेकंद शिल्लक असताना वेस्टब्रुकने मधल्या अंतरावरून उडी घेऊन चेंडू फेकला की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. अमेरिकेत रात्री होणारे सामने आपल्याकडे सकाळी, म्हणजे नेमके डबे भरण्याच्या आणि ऑफिसला निघण्याच्या घाईत येतात, त्यामुळे आमचा बहुतेक वाद उभ्याउभ्या, हातात चहाचा कप धरून होतो. 2 एप्रिल 2025 च्या सकाळी मात्र आम्ही दोघेही बसून राहिलो आणि दोघांनाही ऑफिसला उशीर झाला.

डेन्व्हर नगेट्स आणि मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज यांचा तो सामना दुसऱ्या जादा वेळेत गेला होता. डेन्व्हरच्या निकोला योकिचने ट्रिपल डबलसह (म्हणजे गुण, रिबाउंड अर्थात हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू, आणि असिस्ट अर्थात बास्केट करून देणारे पास, हे तिन्ही दहा किंवा अधिक) 61 गुण केले होते आणि शेवटच्या काही सेकंदांत डेन्व्हर एका गुणाने पुढे होते. अशा वेळी वेगवान चढाईत, तेव्हा डेन्व्हरकडून खेळणाऱ्या वेस्टब्रुकचा लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, हुकला. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे निकील अलेक्झांडर-वॉकर तीन गुणांचा शॉट घेत असताना त्याच वेस्टब्रुकने त्याला फाउल केला. घड्याळात जवळपास काहीच उरले नव्हते. अलेक्झांडर-वॉकरने तीनपैकी दोन फ्री थ्रो टाकले आणि मिनेसोटाने 140-139 असा सामना जिंकला. मी एवढेच म्हणालो, ‘‘बघ.’’ भावाने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, ‘‘फिनिक्स आठव.’’

फिनिक्स म्हणजे एप्रिल 2023 मधला, वेस्टब्रुकचा तेव्हाचा संघ क्लिपर्स आणि फिनिक्स सन्स यांच्यातला प्ले-ऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा, पहिला सामना. त्या दिवशी वेस्टब्रुकचे 19 पैकी फक्त 3 शॉट पडले. एवढ्या वाईट नेमबाजीनंतर कोणताही गार्ड शेवटच्या मिनिटाला बाकावर बसलेला दिसला असता. वेस्टब्रुक मैदानावर राहिला, त्याने मोक्याच्या क्षणी दोन फ्री थ्रो टाकले आणि पुढच्याच चढाईत डेव्हिन या सन्सच्या खेळाडूचा शॉट अडवून, बाहेर जाणारा चेंडू हवेतच पकडून बुकरच्याच अंगावर आपटला, म्हणजे चेंडूचा ताबा क्लिपर्सकडेच राहिला. क्लिपर्सने तो सामना 115-110 असा जिंकला. त्या रात्रीच्या आकडेवारीत 11 रिबाउंड आणि 8 असिस्ट आहेत, पण त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाची किंमत त्यांतून कळत नाही.

हे दोन सामने समोरासमोर ठेवले की वाद बरोबरीत सुटल्यासारखा वाटतो, पण तसे मला वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की वेस्टब्रुकचे चाहते आणि टीकाकार इतकी वर्षे चुकीच्या मुद्द्यावर भांडत आले आहेत. भांडण ट्रिपल डबलवर चालते, तर खरा प्रश्न त्याच्या हातात चेंडू नसतो तेव्हा तो संघाला काय देतो हा आहे.

आधी ट्रिपल डबलचेच घेऊ. जुलै 2016 मध्ये वेस्टब्रुकचा सहकारी केव्हिन ड्युरांट त्यांचा संघ ओक्लाहोमा सिटी थंडर सोडून गोल्डन स्टेटला गेला. तिसरा सहकारी जेम्स हार्डन तर 2012 मध्येच ह्यूस्टनला गेलेला होता. तिघांपैकी एकटा उरलेल्या वेस्टब्रुकने 2016-17 च्या हंगामात सामन्यामागे 31.6 गुण, 10.7 रिबाउंड आणि 10.4 असिस्ट अशी सरासरी राखली आणि 42 ट्रिपल डबल करून ऑस्कर रॉबर्टसनचा 1961-62 मधला 41 चा विक्रम मोडला. बेचाळिसावी ट्रिपल डबल डेन्व्हरमध्ये झाली. त्या सामन्यात त्याने 50 गुण केले आणि सुमारे छत्तीस फुटांवरून, वेळ संपता संपता, जिंकून देणारा शॉटही टाकला. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

टीकाकारांचा आक्षेप असा की हे रिबाउंड खरे त्याचे नव्हतेच. थंडरचा स्टीव्हन अ‍ॅडम्ससारखा धिप्पाड सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, प्रतिस्पर्ध्याला पाठीवर रोखून धरायचा आणि मोकळा पडलेला चेंडू वेस्टब्रुक उचलायचा. हे अनेकदा घडले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पुढच्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यात तर सलग दुसऱ्या वर्षी ट्रिपल डबलची सरासरी गाठण्यासाठी त्याला 16 रिबाउंड हवे होते आणि त्याने 20 घेतले. गुण मात्र केले 6. आकड्यांसाठी खेळणे म्हणतात ते हेच, असे मीही त्या दिवशी म्हणालो होतो. तरीसुद्धा मला हा आक्षेप पोकळ वाटतो. सेंटरने रिबाउंड घेतला की त्याला आधी गार्ड शोधावा लागतो, मग चेंडू त्याच्याकडे द्यावा लागतो, आणि तेवढ्यात समोरचा संघ मागे फिरून उभा राहतो. रिबाउंड गार्डनेच घेतला तर हा सगळा वेळ वाचतो. मैदानावर सर्वांत वेगाने धावणाऱ्या माणसाच्या हातात चेंडू थेट पडावा अशीच ती योजना होती, आणि अ‍ॅडम्सने त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचे मला तरी आठवत नाही.

चाहत्यांचे उत्तरही तितकेच लंगडे आहे. माझ्या भावाचा आवडता आकडा 33-9 हा आहे: त्या हंगामात वेस्टब्रुकने ट्रिपल डबल केली त्या 42 सामन्यांपैकी 33 थंडरने जिंकले. आकडा खराच आहे. पण सहकाऱ्याने बास्केट केल्याशिवाय पास देणाऱ्याच्या नावावर असिस्ट लिहिला जात नाही आणि समोरच्याचा शॉट हुकल्याशिवाय बचावातला रिबाउंड मिळत नाही. म्हणजे ज्या दिवशी सहकाऱ्यांचे शॉट पडतात आणि प्रतिस्पर्ध्यांचे हुकतात, त्याच दिवशी ट्रिपल डबल सोपी होते, आणि त्या दिवशी संघ जिंकणारच असतो. भावाला हे पटवून देण्याचा प्रयत्न मी तीन वेळा केला आहे. तिन्ही वेळा त्याने मला ‘अकाउंटंट’ म्हटले.

त्या वर्षीची ह्यूस्टनविरुद्धची पहिली फेरी पाहिली तर दोन्ही बाजूंना हवे ते सापडते. दुसऱ्या सामन्यात वेस्टब्रुकने 51 गुणांची ट्रिपल डबल केली, पण एकूण 43 शॉट घेतले, त्यांतले 18 एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये घेतले आणि त्या अठरापैकी चारच पडले. सामना हातातून गेला. पाचव्या सामन्यात तो 42 मिनिटे खेळला आणि तेवढ्या वेळात थंडर 12 गुणांनी सरस ठरले. तो बाकावर होता त्या 6 मिनिटांत मात्र थंडर 18 गुणांनी मागे पडले, आणि सामना सहा गुणांनी हरून मालिकाही गेली. टीकाकाराला दुसऱ्या सामन्यात हट्टी माणूस दिसतो, चाहत्याला पाचव्या सामन्यात एकट्याने गाडा ओढणारा माणूस दिसतो. मला त्या दोन्ही सामन्यांत एकच संघ दिसतो, ज्यात चेंडू दुसऱ्या कुणाकडे द्यायची सोयच ठेवलेली नव्हती. त्या हंगामात तो मैदानावर असताना थंडरच्या सुमारे 41.7 टक्के चढायांचा शेवट त्याच्या शॉटने, फ्री थ्रोने किंवा टर्नओव्हरने, म्हणजे चेंडू गमावण्याने, झाला. तो तेव्हाचा विक्रम होता. सामन्यामागे 5.4 टर्नओव्हरही त्यातूनच आले. त्याच हंगामात हार्डनने त्याहूनही जास्त, एकूण 464 टर्नओव्हर केले होते, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. भाऊ विसरत नाही.

आता चेंडूविना वेस्टब्रुककडे येऊ. कारकिर्दीत त्याचे तीन गुणांचे शॉट शंभरात साधारण तीसच पडले आहेत. तीस टक्क्यांनी एका शॉटमागे 0.9 गुण येतात, तर आजच्या एनबीएमध्ये सरासरी संघ एका चढाईत 1.1 च्या आसपास गुण काढतो. त्यामुळे वेस्टब्रुकने लांबून फेकावे अशी बचाव करणाऱ्या संघाची मनापासून इच्छा असते. तो कोपऱ्यात उभा राहिला की त्याच्यावरचा खेळाडू त्याला सोडून सरळ रिंगखाली जाऊन उभा राहतो, आणि मग आत घुसणाऱ्या सहकाऱ्याला एकाऐवजी दोघांना चुकवावे लागते. एका खेळाडूला लांबून शॉट टाकता येत नाही याची शिक्षा अशी उरलेल्या चौघांना होते.

हे समजून घ्यायचे तर ह्यूस्टन आणि लेकर्सचे लॉस एंजेलिस ही दोन गावे शेजारी ठेवावीत. 2019 मध्ये ख्रिस पॉलच्या बदल्यात तो ह्यूस्टनला, हार्डनच्या जोडीला गेला आणि पहिले काही आठवडे तिथेही गाडी अडखळली. मग त्याने लांबचे शॉट जवळजवळ सोडून दिले, फेब्रुवारी 2020 मध्ये संघाने क्लिंट कपेला या सेंटरला दुसरीकडे पाठवून सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला त्या जागी उभे केले, आणि रिंगखालचा सगळा भाग मोकळा झाला. चार नेमबाज रेषेबाहेर आणि आत धावणारा एकटा वेस्टब्रुक, असे चित्र होते. त्या हंगामात त्याने 27.2 गुणांची सरासरी राखली आणि त्याचे 47 टक्क्यांहून अधिक शॉट पडले, जे तोपर्यंतच्या त्याच्या कारकिर्दीत कधीच झाले नव्हते. खेळाडू तोच होता आणि उणीवही तीच होती. फरक एवढाच की ती झाकण्यासाठी एका संघाने आपला सेंटर सोडला. प्ले-ऑफमध्ये लेकर्सने त्याला पुन्हा मोकळे सोडून दिले आणि ते गणितही मोडले, हे मान्य करावे लागेल.

लेकर्सने 2021 मध्ये त्याला घेतले तेव्हा मला आश्चर्य वाटले, भावाला आनंद झाला. तिथे चेंडू लेब्रॉन जेम्सच्या हातात, रिंगजवळची जागा अँथनी डेव्हिसची, आणि वेस्टब्रुकने उभे राहायचे ते नेमके जिथे त्याचा कुणाला धाक नाही अशा ठिकाणी. 33 विजय आणि 49 पराभव असा तो हंगाम संपला. डेव्हिस 40 आणि लेब्रॉन 56 सामनेच खेळू शकले, तेव्हा सगळे खापर एकाच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे होते. तरी फुटले तिथेच. त्याच्या आडनावाची मोडतोड करून ‘विटा फेकणारा’ (वाईट हुकलेल्या शॉटला तिकडे ‘वीट’ म्हणतात) अशा अर्थाचे जे टोपणनाव प्रेक्षक ओरडत असत, त्याबद्दल मार्च 2022 मध्ये त्याने उघडपणे नाराजी व्यक्त केली. ते आडनाव त्याच्या मुलांचेही आहे. या एका बाबतीत मी भावाशी एका शब्दानेही वाद घालत नाही.

फ्री थ्रोचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर भाऊ तासभर बोलू शकतो. 2016-17 मध्ये 84.5 टक्क्यांवर असलेला हा माणूस दोन वर्षांत 65.6 टक्क्यांवर घसरला. मधल्या काळात दोन फ्री थ्रोंच्या मध्ये तीन गुणांच्या रेषेपलीकडे चालत जाण्यास मनाई करणारा नियम आला आणि त्याची वर्षानुवर्षांची सवय मोडली, हे भावाचे स्पष्टीकरण आहे. स्वतः वेस्टब्रुकनेही तसे सांगितले होते. पहिल्या काही महिन्यांपुरते मला ते पटते, पण दुसऱ्या वर्षी घसरण आणखी वाढली त्याचे काय, एवढेच मी विचारतो.

डेन्व्हरमध्ये मात्र मला एक नवी गोष्ट दिसली, आणि ती दाखवून दिली म्हणून मी भावाचा ऋणी आहे. योकिच वरच्या बाजूला चेंडू घेऊन उभा असला की वेस्टब्रुक कोपऱ्यात ताटकळत राहत नसे. त्याच्यावरचा खेळाडू पाठ फिरवून योकिचकडे बघू लागला की तो त्या पाठीमागून सरळ रिंगकडे धावत असे, आणि योकिचचा पास बरोबर तिथे पोहोचत असे. लेकर्समध्ये जी ढिलाई त्याच्या विरोधात वापरली गेली, तिचाच त्याने इथे रस्ता केला. हे त्याला तिशी ओलांडून पाच-सहा वर्षे झाल्यावर सुचले की योकिचसारखा पास देणारा तोवर भेटलाच नव्हता, यावर आमचे अर्थातच एकमत नाही.

त्या एप्रिलच्या सकाळी ऑफिसला निघताना भावाने जिन्यात मला गाठून विचारले की एका गुणाची आघाडी आणि दहा सेकंद शिल्लक असताना बचावासाठी मी मैदानावर कुणाला ठेवीन. मी प्रामाणिकपणे वेस्टब्रुकचे नाव घेतले. फिनिक्स पाहिलेला कुणीही तेच नाव घेईल. फक्त चेंडू दुसऱ्याकडे असावा, असे मी पुढे जोडले.

‘‘आणि चेंडू त्याच्याच हातात आला तर?’’ त्याने विचारले. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, म्हणून मी उत्तर न देता निघालो.