गाडी आंधळी झाली त्या दिवसाची गोष्ट

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शाळेची प्रयोगशाळा) नाही. एक आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), दोन मोटारींची गाडी, दोन सेन्सर आणि माझा जुना लॅपटॉप, एवढ्यावर सातवीच्या चौदा मुलांना रोबोटिक्स शिकवायला घेतलं. प्रोग्रॅमिंग मी मुलांच्या एक रात्र आधी शिकत होतो, हे आधीच कबूल करतो.

पहिली गाडी काळ्या पट्टीवरून चालणारी. तिचा सेन्सर खाली इन्फ्रारेड किरण सोडतो. पांढऱ्या कार्डशीटवरून ते परततात, काळ्या पट्टीत जिरतात. किती परतले त्यावरून सेन्सरचा आकडा 0 ते 1023 मध्ये येतो; कमी परतले की आकडा मोठा. तयार प्रोग्रॅममध्ये ‘500 च्या वर म्हणजे काळं’ असं होतं, तसंच उतरवलं. संध्याकाळी घरी गाडी झकास चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात पट्टी सोडून थेट बाकाखाली.

“सर, गाडी आंधयी व्हई गई!”

तासभर मी वायरी उपसत बसलो. शेवटी मोटारी बंद केल्या आणि मुलांना नुसते आकडे वहीत लिहायला लावले. सावलीत पांढऱ्यावर 70 च्या आसपास, पट्टीवर 800. खिडकीतून ऊन येत होतं तिथे मात्र पट्टीवरही 150! उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यामुळे सेन्सरला तिथे सगळं पांढरंच दिसत होतं. “पण सर, 500 कुठून आणले?” एका मुलीनं विचारलं. काय सांगणार? उतरवलेले होते. खरं तर तिथून पुढे वर्ग सुरू झाला. गाडी सोडण्याआधी पांढऱ्याचा आणि काळ्याचा आकडा घ्यायचा, मधला धरायचा, हे मुलांनीच ठरवलं. आमचा आला 435. सेन्सरभोवती वहीचा काळा रंगवलेला पुठ्ठा लावला. मुली त्याला ‘पदर’ म्हणतात. (सेन्सर चालू आहे का, ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो.)

अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरनं एप्रिलमध्ये वेगळाच घोळ घातला. हा आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. टेपनं बरोबर 100 सेंटीमीटरवर भिंत, आणि हा 97 दाखवतो. स्वस्तातला माल, म्हणून मी त्याला नावं ठेवली. त्या दिवशी पत्र्याखाली 42 अंश होते. हवा तापली की आवाज जोरात पळतो: 331 अधिक तापमानाच्या 0.6 पट, इतके मीटर सेकंदाला. म्हणजे साधारण 356. प्रोग्रॅममध्ये प्रतिध्वनीच्या मायक्रोसेकंदांतल्या वेळेला 58 नं भागून सेंटीमीटर काढलेले, तो हिशोब 23 अंशांच्या आसपासचा. प्रतिध्वनी लवकर परतला, म्हणून अंतर कमी दिसलं. सातवीच्या मुलांनी हे फळ्यावर करून दाखवलं. सेन्सरची मी माफी मागितली.

परवा एकानं घरून पिशवीभर कापूस आणला. त्याच्यासमोर आकडे नुसते उड्या मारताहेत, कारण कापसात आवाज जिरतो. आता पोरांना घरची गोधडी आणायची आहे.