तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हो, अजून करते प्रार्थना

"भाऊ यायला लागला का गं परत?" हा आमच्या चर्चच्या मंडळीतला प्रश्न, उपासना संपून चपला घालेपर्यंत कोणीतरी विचारतंच. दुसरा प्रश्न बाहेरचे विचारतात, ऑफिसमधल्या मैत्रिणी, एकदा तर त्याच्या बायकोनेही विचारला, की त्याला नकोय तरी तू कशाला करतेस त्याच्यासाठी प्रार्थना, हा त्याच्यावर दबाव नाही का. दोघांनाही तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊन मी थकलेय, म्हणून एकदाच काय ते लिहिते.

नाही, तो येत नाही. ईस्टरला नाही, नाताळलाही नाही. ट्रस्टवरून मंडळीत जी भांडणं झाली ती आपण सगळ्यांनी बघितली, त्यामुळेच तो दूर गेला असं बरेच जण म्हणतात, पण तो स्वतः तसं म्हणत नाही. तो म्हणतो ताई, भांडणं नसती झाली तरी मी गेलोच असतो, मला वाटतच नाही पलीकडे कोणी ऐकतंय. नेरूळ स्टेशनबाहेर चहा पिता पिता शांतपणे सांगितलं त्याने हे. रागावून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं, राग उतरतो.

आणि आता आईचं, कारण तुमच्या प्रश्नामागे बहुतेक वेळा तेच असतं, मला कळतं.

आई ठाण्याला हॉस्पिटलमध्ये होती, शेवटचे दिवस. रात्री तोच थांबायचा. नेरूळहून ट्रान्सहार्बरने यायचा, सकाळी तिथूनच कामावर. तिचे पाय चेपायचा, तोंड पुसायचा, बेडपॅन द्यायचा, नर्सला हाक न मारता सगळं करायचा. त्या संध्याकाळी मी पण होते. आईचा आवाज अगदी बारीक झालेला, ती त्याला म्हणाली, बाळा, प्रभूची प्रार्थना म्हण ना माझ्याबरोबर. तो काहीच बोलेना. मी त्याच्याकडे नुसती बघतेय, मनात म्हणतेय, म्हण रे, म्हण. त्याने तिचा हात दोन्ही हातात घेतला आणि म्हणाला, आई, मी इथेच आहे, कुठे जात नाही, पण ते मला नाही म्हणता येणार. तुझ्याशी खोटं नाही बोलायचं मला. आईने डोळे मिटले. मग तिनेच सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", आणि रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत येईतो तिला धाप लागली. पुढचं मी म्हटलं. आमेन मी म्हटलं. तो हात धरून बसला होता, रडत होता, पण ओठ हलले नाहीत त्याचे. त्याच आठवड्यात आई गेली.

दफनविधीनंतर घरी माणसं बसलेली असताना एक नातेवाईक सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, याच ठाण्यात १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस हा मिशनरी आणि त्याचे सोबती विश्वासासाठी मेले, आणि आमच्या पोराला आईसाठी एक आमेन म्हणवत नाही. भाऊ उठून खाली निघून गेला. मी काहीच बोलले नाही, माझ्याही मनात तेव्हा तेच होतं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि जितकं घोळवलं तितकं ते उलटंच वाजायला लागलं. त्या लोकांनी काय केलं होतं? जीव वाचवायला मनात नाही ते तोंडाने बोलले नाहीत, एवढंच ना? मग माझ्या भावाने वेगळं काय केलं? हे मी मोठ्याने म्हटलं तर पाळकसाहेबांना आवडणार नाही, माहितीये. आणि मला स्वतःलाही ते पुरत नाही, कारण अजून कधी कधी रात्री भांडी घासताना मी त्याच्याशी भांडतेच की तुला पाठ होतं रे सगळं, संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळालं होतं तुला, आईसाठी चार ओळी म्हटल्या असत्यास तर काय गेलं असतं तुझं? याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

मंडळीतल्या मावश्या मला मोनिकाचं उदाहरण देतात. संत ऑगस्टिनची आई, वर्षानुवर्षं रडली, मुलाने ३८७ साली बाप्तिस्मा घेतला, बघ, प्रार्थना वाया जात नाही. पण त्याच वर्षी ओस्तियाला ती वारली, हे कोणी सांगत नाही. आणि मला तर त्यातलं वेगळंच आठवतं. ऑगस्टिनने स्वतःच लिहून ठेवलंय की तो रोमला निघाला तेव्हा त्याने आईला थाप मारली, ती समुद्राकाठी सिप्रियनच्या चॅपलमध्ये रात्रभर प्रार्थना करत राहिली की माझा मुलगा जाऊ नये, आणि तो तिकडे जहाजात बसून गेलासुद्धा. त्या रात्रीचं मागणं ऐकलं गेलं नाही. आणि पुढे इटलीतच तो विश्वासात आला. म्हणजे ती मागत होती ते मिळालं असतं तर? मी हा विचार सुरू करते आणि अर्ध्यावर सोडते, कारण यावरून माझ्या भावाचंही तसंच होईल असा हिशोब कोणी मांडू नये, मीही नाही.

भावाने एकदा मला विचारलं होतं, पणजोबांनी नगरकडे गावात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या आईनेही विठोबाला साकडं घातलंच असेल ना, की माझा लेक परत येऊ दे? तिचं ऐकलं असतं तर आपण कुठे असतो? कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते आपल्यात कोणाला सांगायला नको, पण आमच्या त्या खापरपणजीचं, जिने तुळशीपाशी बसून मुलाची वाट बघितली असेल, तिचं नावसुद्धा घरात कोणाला माहीत नाही. मी त्याला म्हटलं, मला ख्रिस्त खरा वाटतो रे, म्हणून मागते. तो म्हणाला, तिलाही विठोबा खराच वाटत असणार. पुढे आम्ही बोललो नाही.

तर दबावाचं विचारता ना. मी त्याला वचनं फॉरवर्ड करत नाही, जेवायला आला तर मुद्दाम लांबलचक प्रार्थना करत नाही. त्यानेच म्हटलंय, ताई, करायची तर कर, फक्त मला सांगू नकोस. मी सांगत नाही. पण तो परत यावा हे मी मागते, रोज मागते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते लपवणार नाही. त्याची झोप, त्याची शुगर, मुलीची दहावी, हेही मागते. आणि त्या संध्याकाळी तो खोटं बोलला नाही, त्याबद्दल कधी कधी आभार मानते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचबद्दल देवाजवळ तक्रार करते. दोन्ही एकाच तोंडाने कसं, ते मला विचारू नका.

आणि तो येणार का, हे त्यालाच विचारा ना, नंबर आहे की तुमच्याकडे. फक्त आईच्या मातीला आलेल्यांपैकी कोणी त्यानंतर त्याला एक फोन केलेला नाही, तेव्हा आधी तो कसा आहे ते विचारा.