बाबा कॅनबेरावर होते

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते. "वडील बॉम्बरवर होते ना? मग त्यांनी किती बॉम्ब टाकले?" लग्नात, बारशात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे हेच. उत्तर आहे: एकही नाही. बाबा हवाई दलात, कॅनबेरा नावाच्या बॉम्बफेकी विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये, एअरमन होते, म्हणजे अधिकारी नव्हे; ट्रेड आर्मरर. बॉम्ब चढवायचं काम त्यांचं, टाकायचं दुसऱ्यांचं.

आता म्हणाल, मग तुम्हीच सांगत फिरता ना, की बाबा कॅनबेरावर होते? हो, सांगते. आणि ते खोटं नाही. एअरफोर्सचं बोलणंच तसं आहे. मिगची दुरुस्ती करणारा फिटरही "मी मिगवर होतो" असंच म्हणतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र हेल्मेट आणि कॉकपिट येतं. ते येतं हे मला ठाऊक असतं, आणि मी गप्प बसते. तेवढं कबूल.

पण तुमच्या प्रश्नातही एक खोट आहे. उडणारा तो शूर, बाकीचे हमाल, असा तुमचा हिशोब. अहो, उडणाऱ्यांतसुद्धा सगळे सारखे नव्हते. आपल्या बॉम्बर कॅनबेरात दोन माणसं. पायलट वर, डावीकडच्या काचेच्या फुग्याखाली, इजेक्शन सीटवर, म्हणजे संकटात माणसासकट बाहेर फेकली जाणाऱ्या खुर्चीवर. नॅव्हिगेटर खाली नाकाडात, नेम धरताना चक्क पालथा झोपलेला. त्याला इजेक्शन सीट नाही. छातीला पॅराशूट लावायचं आणि आत शिरलो त्याच दारातून बाहेर उडी टाकायची, जमलं तर. विमान जमिनीलगत असेल तर कसलं जमतंय! सप्टेंबर १९६५ मध्ये आपलं एक कॅनबेरा पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानानं रात्री पाडलं. पायलट इजेक्ट झाला, कैदेत गेला, वाचला. नॅव्हिगेटर गेला. ते विमान बाबांच्या स्क्वाड्रनचं नव्हतं, पण बाबा त्याबद्दल एकदा बोलले होते. खुर्ची जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला सेफ्टी पिना असतात; उड्डाणाआधी त्या बाबांनी काढायच्या, मोजायच्या. "एकाच खुर्चीच्या पिना काढायच्या," ते म्हणाले, "आणि दुसरा माणूस आपल्याला गुड ईव्हनिंग म्हणून आत जायचा." पुढे काही बोलले नाहीत.

बाबांची स्क्वाड्रन ३५ नंबरची, पुण्याच्या लोहगावची. १९६५ आणि १९७१ बद्दल तुम्हाला माहीत आहेच. कराचीचे तेलसाठे नौदलानं पेटवले की हवाई दलानं, हा वाद तर मी घरात जेवणाच्या टेबलावर ऐकत मोठी झाले, त्यात मला पाडू नका. मला सांगायचंय ते १९६१ चं, गोवामुक्तीचं. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली या स्क्वाड्रनची बारा कॅनबेरा पुण्याहून गेली आणि गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३ हजार पौंडांचे बॉम्ब पडले. मागून १६ नंबर स्क्वाड्रनची आठ. हुकूम असा की धावपट्टी फोडा, इमारतीला धक्का लावू नका. त्या ६३ हजार पौंडांतले काही बाबांच्या हातून गेले होते. कॅनबेरा जमिनीला बुटकं, त्यामुळे पोटाखालचं सगळं काम वाकून. बाबांची कंबर तेव्हापासूनच बिनसली, असं आई म्हणायची.

आणि माझं लग्न झालं ते वास्कोत. १९८४ साली. सासरी मी अर्थातच सांगून ठेवलं होतं, बाबा कॅनबेरावर होते.

सकाळी साडी नेसवताना बाबा दारात उभे. "किती पिना लावल्या?" मावशी म्हणाली, "अकरा असतील." "असतील नको. मोज." त्यांची ती सवय सगळ्यांना माहीत, सगळे हसले. संध्याकाळी नवऱ्याचे मोठे काका आले. चिखलीचे, म्हणजे दाबोळीला अगदी लागून. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "दाबोळीवर बॉम्ब टाकणारे तुम्हीच! अहो, आमच्या खिडक्या थरथरत होत्या." राग नव्हता हो, कौतुक होतं. बाबांना मधल्या खुर्चीवर बसवलं, चार जणांना बोलावून ओळख करून दिली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या झालरीकडे पाहत राहिले. पाच शब्दांचं काम होतं: काका, बाबा विमानात बसत नव्हते.

काका रंगात आले होते. "पण खरी गंमत पुढेच. पोर्तुगीजांनी अंधारात खड्डे बुजवले आणि उभी होती ती दोन प्रवासी विमानं त्याच रात्री उडवून नेली. कराचीला!"

बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. हे त्यांना तेवीस वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. "त्याच रात्री?" "त्याच रात्री." "धावपट्टी केवढी उरली होती?" काकांना कुठून माहीत असणार! बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग शांतपणे म्हणाले, "मी वर नव्हतो. खाली होतो, लोहगावला. बॉम्ब चढवायला." काका म्हणाले, "अस्सं." वाईट असं काहीच बोलले नाहीत. फक्त थोड्या वेळानं त्यांची खुर्ची शेजारच्या माणसाकडे वळली.

रात्री आईनं पिना काढल्या. दहा. बाबा टॉर्च घेऊन खाटेखाली, सतरंजीवर शोधत बसले. "राहू दे हो," आई म्हणाली, "साडीची पिन ती." मला वाटत होतं, आता माझ्याशी काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. शोधत राहिले.

तेव्हा मी मनातल्या मनात चिडले होते, त्यांच्यावर. काय गरज होती सांगायची? आज ती चोवीस वर्षांची मुलगी समोर आली तर तिला काय सांगू, ते सुचत नाही. लाज वाटू देऊ नकोस म्हणू, तर २०२१ मध्ये गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ७१ च्या युद्धावर लेख मागितला, तेव्हा साठीला आलेल्या बाईनं पहिलं वाक्य काय लिहिलं? "माझे वडील कॅनबेरावर होते." आर्मरर हा शब्द त्या दोन पानांत नाही. जागा कमी होती, असं मी सांगते.

स्क्वाड्रनचा ग्रुप फोटो आहे घरात. पुढच्या रांगेत खुर्च्या, त्यांवर अधिकारी. नॅव्हिगेटरही खुर्चीत, निदान तिथे तरी. बाबा मागच्या रांगेत, बाकावर उभे, अर्धा चेहरा पुढच्या माणसाच्या टोपीनं झाकलेला. लेखाबरोबर मी तो दिला नव्हता. आता नव्या स्मरणिकेसाठी संपादक मागतायत, खाली ओळ काय टाकू म्हणून त्यांचे तीन मेसेज आलेत. अजून उत्तर दिलेलं नाही.